जावयाला दिलेला नांगर

माझा नवरा गणराज ट्रेलरवाल्यांच्या घरातला आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. त्याचे आजोबा मिठागरावर राबले, वडिलांनी पहिला ट्रक घेतला आणि आता उरणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही नाक्यावर उभं राहा, त्यांच्या घराण्याचा एखादा ट्रेलर धूळ उडवत जातोच. अशा घरातला माणूस दोरी बांधतो तेव्हा ती कधी सोडायची आहे हे त्याच्या मनातही येत नाही. माल इंदूरला पोचला तरी बोटभर सरकता कामा नये, ही त्यांची अब्रू. आमच्याकडे सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब बांधायचं काम गणराजकडे असतं आणि पूजेनंतर ते सोडायचं काम कोणाकडेच नसतं, कारण ते कोणाला जमत नाही. खांब वाळून गळून पडतात, गाठी चौरंगाला तशाच राहतात.

मी कोळ्याची. माझी आई, नीराबाई, अलिबागच्या बाजारात मासळी विकते. आगऱ्यांच्या घरात मुलगी द्यायची म्हणून तिने आधी आकाशपाताळ एक केलं आणि नंतर जावई इतका आवडला की त्याची टर उडवल्याशिवाय तिला जेवण गोड लागेना. सासूला मामी म्हणायची गणराजकडची रीत. "मामी, आज काय ताजं?" असं विचारत तो बाजारात जायचा, आणि आई सगळ्या कोळणींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची की आमच्या जावयबापूंना बोंबील आणि बांगडा यांतला फरक ताटात आल्यावरच कळतो. एकदा त्याने मोठ्या ऐटीत स्वतः गळाला लावलेली म्हणून तांबोशी आणून दिली. आईने ती उलटीपालटी केली आणि शेजारच्या कमळमावशीला हाक मारून विचारलं, काय गं, सकाळी ही तू कितीला विकलीस? गणराज स्वतःही पोट धरून हसला. त्यांचं असं चालायचं.

तर हा माणूस दिवाळीनंतर कायाक घेऊन आला. प्लास्टिकची, पिवळीधमक, एका माणसाने बसून वल्हवायची नाव. दिवेआगरला पुण्याचे पाहुणे असल्या कायाकीत बसून गळ टाकताना त्याने पाहिले आणि त्याने ते डोक्यात घेतलं. आणली ती अर्थातच ट्रेलरवरून. लांबलचक ट्रेलरच्या मधोमध एकटी कायाक, चारी बाजूंनी करकचून आवळलेली. गावातली माणसं दारात आली, कोणाला वाटलं देवळाची मूर्ती आली. पुढचे काही दिवस तिचा शृंगार चालला. पुढे लिंबूमिरची, मागे काळा गोंडा, अंगावर 'आई एकविरा प्रसन्न'. हॉर्न तेवढा लावायचा राहिला, तोही बॅटरी कुठे ठेवायची हे न सुचल्यामुळे.

मी हसून हसून बेजार झाले. आई मात्र हसली नाही. ती आली, कायाकीभोवती एक चक्कर मारली आणि पाणीही न पिता निघाली. जाताना मला एवढंच म्हणाली की ही वस्तू घरात आहे तोवर मी तुझा उंबरा ओलांडणार नाही.

तिचं भांडण कायाकीशी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. माझे वडील नामा दर्यावर गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा मी कॉलेजात होते. पावसाळा संपता संपता उलटा वारा सुटतो, तसा सुटला होता. घरात दोन नांगर होते, एक जड, एक हलका. त्या सकाळी वडिलांची कंबर धरली होती, म्हणून आईच म्हणाली, जड राहू द्या, हलका न्या. वाऱ्यात हलका नांगर धरला नाही, होडी फरफटत खडकांवर गेली. तेव्हापासून तो जड नांगर आईच्या मागच्या पडवीत उभा होता. चार पात्यांचा, आजोबांनी लोहाराकडून घडवून घेतलेला. नारळी पौर्णिमेला सगळं गाव नाचत असताना आई त्याला तेल लावायची, हळदकुंकू वाहायची आणि दिवसभर कोणाशी बोलायची नाही. तिच्या लेखी सगळं स्पष्ट होतं. तो नांगर गेला असता तर नवरा घरी आला असता, आणि त्या नांगराला घरी ठेवणारी ती होती.

आता जावई पाण्यात उतरणार म्हटल्यावर तिची झोप उडाली. मी गणराजला म्हटलं, विकून टाक. तो म्हणाला, विकेन, पण आधी एक प्रयत्न करतो. मामींना भीती नांगराची आहे ना? मग असा नांगर लावतो की त्यांना बघूनच पटेल. आईसमोर मी त्याला 'अहो' म्हणते, एरवी नावाने. त्या दिवशी रागाने दोन्ही म्हटलं, पण तो ऐकणारा नव्हता.

कायाकीला नांगर लावायची एक रीत असते. त्याच्याबरोबर व्हिडिओ बघून बघून ती मलाही पाठ झाली. नांगराची दोरी मधे, बसल्या जागी बांधायची नसते, कारण पाण्याच्या ओढीने कायाक आडवी झाली की उलटते. दोरी निघायला हवी टोकाकडून, पुढच्या नाहीतर मागच्या. पण बसलेल्या माणसाचा हात टोकाला पोचत नाही. म्हणून पुढे एक कप्पी, मागे एक कप्पी, दोन्हींतून फिरणारा दोरीचा लांब फेरा आणि त्या फेऱ्यात अडकवलेली एक कडी. नांगराची दोरी बांधायची त्या कडीला. फेरा ओढला की कडी टोकाला जाते, उलटा ओढला की हाताशी येते. सगळी करामत सरकण्यात आहे.

गणराजने कप्प्या छान बसवल्या. भोकं पाडली, रिबिटं मारली, पाणी आत जाऊ नये म्हणून वरून सिलिकॉन भरलं. फेरा ओवला. पण फेरा जरा सैल होता आणि कायाक हलवली की तिच्या अंगावर फटफट वाजायचा. ट्रेलरवाल्याच्या कानाला हा आवाज म्हणजे सुटत आलेली ताडपत्री. दुसऱ्या दिवशी बघते तर कडी पुढच्या टोकाला नेऊन फेऱ्याचे दोन्ही पदर मागच्या कप्पीपाशी ताडपत्रीच्या गाठीने एकत्र आवळून टाकलेले. मी विचारलं, आता हे सरकणार कसं? तर म्हणाला, मी नांगर पुढूनच टाकणार, सरकवायचंय कोणाला. व्हिडिओवाला सांगत होता की दोरी खोलीच्या तिप्पट-चौपट सोडा. गणराज म्हणाला की इतकी ढिली दोरी ठेवणाऱ्या ड्रायव्हरला आपण दुसऱ्या दिवशी गाडीवर चढू देत नाही. व्हिडिओवाला सांगत होता की दोरीच्या मोकळ्या टोकाला एक बोया बांधा, म्हणजे वेळ आली तर सगळं सोडून देता येतं आणि मागाहून तरंगता बोया बघून उचलून आणता येतं. सोडूनच द्यायचं तर बांधायचं कशाला, असा गणराजचा बिनतोड सवाल. मी म्हटलं, तू नांगर लावत नाहीयेस, माल भरतोयस. त्यावर तो हसला आणि आणखी एक गाठ मारली.

नांगर त्याने ऑनलाइन मागवला. छत्रीसारखा मिटणारा, दीड किलोचा, खोक्यात घालून आलेला. त्याचा फोटो त्याने मोठ्या हौसेने सासूला पाठवला. आईचं उत्तर व्हॉइस मेसेजमधून आलं, की माझ्या पाटीतला सुरमईचा तुकडा याच्याहून वजनाला जास्त भरतो.

दोन दिवसांनी दारात रिक्षा थांबली. आई उतरली आणि मागोमाग रिक्षावाल्याने कण्हत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं. मी बघताक्षणी ओळखलं. इतक्या वर्षांत तो नांगर पडवीतून हललेला मी पाहिला नव्हता. गणराज पुढे झाला तसं तिने गोणपाट बाजूला केलं.

"ह्यो न्या," ती म्हणाली. "ह्यो हाय तवर तुमाला काय व्हनार न्हाय."

माझा नवरा वाकून तिच्या पाया पडला. आत येऊन मला हळूच म्हणाला की कायाकीला इतका जड नांगर चालत नाही, तू सांग मामींना. मी म्हटलं, तुझी कायाक, तू सांग. आम्ही एकमेकांना कोपराने ढोसत बाहेर आलो तर आई उंबरा ओलांडून आत येऊन बसली होती. चहा टाक म्हणाली. इतक्या दिवसांनी ती आमच्या घरात बशीत ओतून फुरके मारत चहा पीत होती. ते बघून नांगर जड आहे हे सांगायचं आम्ही दोघांनीही सोडून दिलं. तिच्या मते आता सगळं नीट झालं होतं, आणि तिला तसं वाटणं आम्हाला हवंच होतं.

गणराजने मुहूर्त धरला पौर्णिमेचा. उधाणाच्या भरतीबरोबर जिताडा मासा खाडीत शिरतो, आणि जिताडा आणून सासूच्या पाटीत ठेवायचा हे त्याचं स्वप्न होतं. सकाळी पाणी पार ओसरलं होतं तेव्हा तो खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या जरा अलीकडे गेला. आई त्या दिवशी बाजारात गेली नाही. आज मासळीला भाव नाही, असं कारण सांगून ती धक्क्याच्या टोकाला छत्री उघडून बसली. मी तिच्या शेजारी. गणराजने लाइफ जॅकेट घरातूनच चढवलं होतं, ते बघून आईने विचारलं, जावयबापू, रात्री झोपतानापन घातलं व्हतं का?

तो जड नांगर टाकताना कायाक अशी डुलली की मी डोळे मिटून घेतले. पण नांगर गेला तळाला आणि त्याचं एक पातं खडकाच्या फटीत बसलं. गणराजने दोरी ओढून ओढून ताठ केली, कायाकीवर पालथं पडून पुढच्या कडीला ताडपत्रीची गाठ मारली, मग सरपटत मागे येऊन बसला आणि दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवलं, बघा, हलते का? कायाक खरंच जागची हलत नव्हती. आईने छत्री खांद्याला लावली आणि पुटपुटली, धरला गं, बरोबर धरला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण इतका उतरला की ती मला एकदम तरुण दिसली.

उधाणाचं पाणी किती चढतं हे आमच्या खाडीकाठी कोणाला सांगावं लागत नाही. गणराजलाही सांगावं लागलं नसतं. मिठागरवाल्यांच्या घरात आधी तिथी माहीत असते, तारीख मागाहून बघतात. पण पाणी चढलं की मिठागराचा बांध सांभाळायचा, एवढंच त्यांच्या रक्तात आहे. बांध जागचा हलत नाही. नाव हलते, पाण्याबरोबर वर येते, आणि तिला वर यायला ढिली दोरी लागते, हे त्या गाठी मारणाऱ्याच्या डोक्यात आलंच नाही. आम्हा दोघींच्याही आलं नाही. आम्ही दोघी नांगराने धरलंय या आनंदात होतो.

भरती लागली. कोळंबी लावलेला गळ टाकून तो बसला आणि थोड्या वेळाने गरी, म्हणजे गळाची काठी, एकदम वाकली. काहीतरी मोठं लागलं होतं. तो मागे रेलून रीळ फिरवू लागला, पाण्यात एक चंदेरी पाठ चमकून गेली, आणि आई बसल्या जागी ताठ झाली. जिताडाच, ती म्हणाली. आम्ही तिघंही त्या माशाकडे बघत होतो, म्हणून कायाकीचं नाक खाली चाललंय हे कोणालाच आधी दिसलं नाही. दिसलं तेव्हाही आईने त्याची थट्टाच केली, जावयबापू दर्याला वाकून नमस्कार करतायत. मी हसले. मग लिंबूमिरची पाण्याखाली गेली आणि मागचा गोंडा हवेत वर आला, तेव्हा आमचं हसणं थांबलं.

गणराजने गरी टाकून दिली. गाठ सोडायला तो पुढे सरकला तर त्याच्या वजनाने नाक आणखी बुडालं. मागे आला. फेरा ओढून कडी जवळ आणायला गेला तर फेरा त्यानेच आवळलेला, तसूभर सरकेना. लाट आली की पाणी त्याच्या मांडीपर्यंत येत होतं, कायाक एका अंगावर कलत होती आणि पलीकडे तेच खडक होते. एक गोष्ट सोपी होती. फेऱ्याचे दोन्ही पदर त्याच्या गुडघ्याजवळून जात होते आणि आमिष कापायची सुरी त्याच्या कमरेला होती. ते कापले की कडी सुटून नांगरासकट सगळं तळाला जाणार आणि कायाक मोकळी होणार. मी ओरडले, काप.

त्याने सुरी काढली, फेऱ्यावर धरली आणि थांबला. आमच्याकडे बघून ओरडला की मामींचा नांगर आहे. बोया नव्हता, दोरीचं टोक वर काही राहणार नव्हतं. आणि त्याने सुरी दातात धरून पुन्हा पुढे सरकायला सुरुवात केली, गाठ सोडायला. इतका मूर्ख आणि इतका माझा तो मला कधीच वाटला नव्हता. मी आईकडे वळले. तिला सांगायची मला हिंमत होत नव्हती, कारण मी तिच्याकडे काय मागते आहे ते मला कळत होतं.

छत्री वाऱ्याने केव्हाच उडून गेली होती. आई उभी होती. भरल्या बाजारात चार रस्त्यांवर ऐकू जाणारा तिचा आवाज तिने काढला.

"काप र ती दोरी, गणराज."

"मामी, नांगर..."

"लोखंड हाय ते. काप."

त्याने कापली. कायाकीचं नाक असं उसळलं की तो उताणा पडला, आणि उधाणाने त्याला उचलून खाडीत आत नेलं. वल्हं एकीकडे, तो एकीकडे. आम्ही दोघी बांधावरून धावत सुटलो. पुढे तिवरांच्या चिखलात कायाक रुतून बसली आणि त्यातून मांडीपर्यंत चिखलाने भरलेला माझा नवरा एक चप्पल हातात घेऊन बाहेर आला. दुसरीचा पत्ता नव्हता. आईने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि त्याच हाताने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. जिताडा अर्थातच गेला. गणराजच्या बोलण्यात तो अजून रोज वाढतो आहे.

त्यानंतर ओहोटी लागली की गणराज रितेशची, माझ्या चुलतभावाची, होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी जायचा आणि गळाच्या आकड्याला दगड बांधून तळ खरवडत बसायचा. हाताला जाळ्याची तुटकी चिंधी लागायची, नांगर नाही. शेवटी एका संध्याकाळी तो आईच्या घरी जाऊन पडवीत खाली मान घालून बसला. मी सोबत होते. आई करंदीची, बारीक कोळंबीची, टोपली घेऊन निवडत होती. तो म्हणाला, मामी, मी तो शोधूनच आणीन, तुमचं त्याच्यात काय होतं ते मला माहीत आहे.

"राहू द्या," आई म्हणाली.

तिने हातातली करंदी टोपलीत टाकली. मग टोपली बाजूला सारली.

"इतकी वर्सं मना वाटत व्हतं, ह्यो नांगर संगती असता तर ते परत आले असते. मीच बोलले व्हते, राहू द्या म्हणून." तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आता माझ्या डोल्यानी बघितलं. जड नांगरपन मान्साला खाली नेतो. म्हंजे माझ्या बोलन्यानं न्हाय गेले ते. वारा व्हता, दर्या व्हता, गेले."

आणि ती रडायला लागली. वडील गेले तेव्हासुद्धा ती आमच्यासमोर अशी रडली नव्हती. मी तिला जवळ घेतलं. गणराज उठला, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि तिच्याजवळ ठेवून पडवीच्या पायरीवर जाऊन बसला. आम्ही कोणीही तिला थांबवलं नाही.